आभासी जगात फळा कशाला?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी माध्यमिक वर्गांना भूगोल शिकवते. यंदा आमच्या शाळेने ‘आभासी जगातून शिक्षण’ हे फारच मनावर घेतलं आहे आणि पहिल्या प्रयोगाला मला पुढे केलं. संगणक कक्षात चाळीस मुलं, पडद्यावर एक त्रिमितीय जग आणि त्यात फिरणारं प्रत्येकाचं एक बाहुलं, म्हणजे ‘अवतार’. आत एक छान सभागृह होतं, ओळीने खुर्च्या, समोर मोठा पडदा. मी पडद्यावर माझ्या नेहमीच्या स्लाइड लावल्या. पाच मिनिटांत निम्मी मुलं खुर्च्यांवर उभी, दोघं छपराला चिकटलेली, एकाने आपल्या अवताराला माशाचं डोकं लावलेलं आणि सगळ्यांचे माइक एकदम चालू. मुलांना मजा आली, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर धड्यातलं काही सांगता येईना. मुख्याध्यापक म्हणतात, डोळ्यांवर चढवायचे हेडसेट घेऊ, मग मुलं गुंततील. सहकारी म्हणतात, हा खेळ आहे, नाद सोडा. त्यात दूरच्या एका शाळेबरोबर मिळून प्रकल्प करायचा आहे, तोही याच जगात. नाही म्हणावं तर मी जुन्या विचारांची ठरते, हो म्हणावं तर पोर्शन मागे पडतो. काय करू?

— एक गोंधळलेली भूगोल शिक्षिका

उत्तर

ताई, नमस्कार.

‘आत एक छान सभागृह होतं’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी परत मागे जाऊन वाचलं. गडबड तिथेच झाली आहे. छपराला चिकटलेल्या त्या दोघांना माझ्याकडून काही बोल नाही. जिथे उडता येतं तिथे मुलांना खुर्चीत बसवून पडद्याकडे बघायला लावलं, तर ती उडणारच. मुलं त्या जागेला धरूनच वागत होती. तास मात्र जागेला धरून नव्हता. स्लाइड दाखवायला तुमचा रोजचा वर्ग जास्त बरा, तिथे निदान अक्षरं नीट दिसतात.

या बाबतीत तुम्ही एकट्या नाही. ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग २००३ साली सुरू झालं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे विद्यापीठांची रीघ लागली. प्रत्येकाने आपापलं बेट घेतलं आणि त्यावर काय बांधलं, तर आपल्याच इमारती. खांब, कमानी, व्याख्यानगृहं, ग्रंथालयाच्या पायऱ्या. जिथे पाऊस पडत नाही तिथे छप्पर आणि जिथे कुणाचे पाय दुखत नाहीत तिथे खुर्च्या. त्यातल्या कितीतरी इमारती उद्‌घाटनानंतर ओस पडल्या. जे टिकले ते वेगळ्या कारणासाठी तिथे गेलेले लोक होते: भाषेचा सराव करणारे, रुग्णाशी बोलण्याची तालीम करणारे, मिळून काहीतरी बांधणारे.

म्हणून कुठलाही धडा तिकडे नेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते. या कामात ‘कुठे’ला महत्त्व आहे का? कोण कुठे उभं आहे, कुणाला काय दिसतंय, कुठली वस्तू कशाच्या शेजारी आहे, यावर जर उत्तर अवलंबून असेल, तर आभासी जग कामाचं. नसेल तर साधा व्हिडिओ कॉल पुरे, बऱ्याचदा तोही नको. लोकसंख्येच्या धड्यासाठी तिथे जाऊ नका. आयात-निर्यातीच्या तक्त्यांसाठी तर नकोच.

हार्वर्डमध्ये क्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिव्हर सिटी’ नावाचं एक जग मुलांसाठी बनवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं एक शहर, मधून नदी, आणि लोक आजारी पडताहेत. मुलांनी लहान गटांत फिरायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, रहिवाशांशी बोलायचं, रोग कशामुळे पसरतोय याचा तर्क करायचा आणि तो तपासायचा. मेख अशी की रोग एक नव्हता. पाण्यातून पसरणारा, कीटकांमुळे होणारा आणि माणसाकडून माणसाला होणारा, असे तिन्ही एकमेकांत मिसळलेले. वस्ती चढावर आहे की दलदलीजवळ, हे चालत जाऊन पाहिल्याशिवाय उलगडा होत नव्हता. तिथे शिक्षक पडद्यापाशी उभा राहून बोलत नव्हता, कारण बोलून सांगण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच.

आता तुमचा विषय. भूगोल म्हणजे ‘कुठे’चंच शास्त्र, त्यामुळे तुमचं नशीब चांगलं आहे. माझी सूचना अशी: वर्षभरासाठी फक्त एक धडा निवडा आणि तो समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, असू द्या. हा धडा मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. रेषा जवळ म्हणजे तीव्र उतार, लांब म्हणजे मंद उतार, हे वाक्य सगळ्यांना येतं. नकाशा समोर ठेवून ‘यातली दरी दाखव’ म्हटलं की बोट हमखास डोंगराच्या सोंडेवर जातं.

ठोकळ्यांची जगं, म्हणजे ठोकळे लावून-तोडून सगळं बांधायचे संगणकी खेळ, यासाठी उत्तम. ‘माइनक्राफ्ट’ची शिक्षणासाठीची आवृत्ती २०१६ पासून आहे. तुमच्याकडचे संगणक जुने असतील तर ‘लुआंटी’ पाहा. हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइड फोनवरही चालतं आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखलं जायचं. शाळेतलाच एक संगणक सर्व्हर करायचा, बाकीच्यांनी त्याला जोडायचं. बाहेरच्या कुणाची गरज नाही, बाहेरचा कुणी आतही येत नाही. हे जग घनांचं असल्यामुळे जमीन मुळातच पायऱ्यापायऱ्यांची असते. म्हणजे एक थर ही एक समोच्च रेषा झाली. प्रत्येक थर १० मीटरचा धरा.

चौघांचा गट करा. दोघांच्या हातात आलेखकागदावर काढलेला नकाशा: २४ बाय २४ चौकटी, आठ थर उंचीची टेकडी, दोन शिखरं, मधे खिंड, एका अंगाला सोंड आणि दुसऱ्या अंगाला दरी. यांना पडदा दिसता कामा नये. उरलेले दोघं संगणकावर, त्यांना नकाशा दिसता कामा नये. पहिल्यांनी सांगायचं, दुसऱ्यांनी बांधायचं. म्हणजे चाळीस मुलांना वीसच संगणक लागतात, ही अडचणही परस्पर सुटते.

मग ऐका काय होतं ते. ‘डावीकडे अजून दोन ठोकळे टाक.’ ‘कुठल्या डावीकडे? मी आता उलटा फिरलोय.’ इथे डावं-उजवं निकामी होतं आणि कुणीतरी आपणहून ‘पश्चिमेला’ म्हणतं. पश्चिम कुठे ते सूर्यावरून ठरतं, तो तिथेही पूर्वेलाच उगवतो. थोड्या वेळाने ‘ती रेष आत वळते ना, तिथे’ असं सांगून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याला रेष दिसतच नाही. तेव्हा खिंड, सोंड, दरी, माथा हे शब्द लागतात. परिभाषा पाठ करून घेण्यात आपला जन्म जातो. इथे ती गरज म्हणून तोंडात येते, आणि सहकार्य शिकवायला वेगळी भाषणं द्यावी लागत नाहीत.

टेकडी झाली की बादलीभर पाणी दरीच्या वरच्या टोकाला ओतायला सांगा. समोच्च रेषांचा वळसा चढाकडे टोक करून असेल तर दरी, उताराकडे टोक करून असेल तर सोंड, ही गोष्ट ज्या गटाने उलटी वाचली त्यांच्या दरीच्या जागी उंचवटा झालेला असतो. पाणी माथ्यावरून दोन्ही बाजूंना पांगतं. तुम्हाला ‘चूक’ म्हणायचीही गरज पडत नाही. नकाशा धरलेली मुलं आणि ठोकळे रचलेली मुलं, चूक कुणाची यावर भांडायला लागतील. दोन मिनिटं भांडू द्या. तो सगळ्या तासातला सगळ्यात कसदार भाग आहे.

पुढच्या तासाला गटांची अदलाबदल. दुसऱ्या गटाने या टेकडीवर चालायचं, मूळ नकाशा न बघता तिचा नवा नकाशा काढायचा, आणि मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. रेषा कुठे जुळतात, कुठे फाकतात, ते उजेडात स्पष्ट दिसतं. गुण द्यायचे तर या फरकाचं कारण कोण किती नेमकं सांगतं त्याला द्या. टेकडी देखणी झाली म्हणून नको. देखण्या टेकड्या बहुधा त्याच मुलांच्या होतात ज्यांच्या घरी हा खेळ आधीपासून चालतो.

एक गोष्ट आवर्जून करा: या जगातलं खोटं काय, ते मुलांनाच शोधायला लावा. इथलं पाणी संपत नाही. दोन पाण्याचे ठोकळे असे ठेवा की मधली चौकट दोघांना लागून राहील, तिथे तिसरा आपोआप तयार होतो. सपाट जमिनीवर पाणी मोजक्याच चौकटी पसरतं आणि थांबतं. वाळू खाली पडते, पण मातीचा ठोकळा अधांतरी राहतो. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचं झाड हवेत तसंच. धूप होत नाही, गाळ साचत नाही. प्रत्येक प्रतिकृती काहीतरी गाळते. पृथ्वीगोलही गाळतो, पण त्याच्याबद्दल आपण मुलांना हे विचारत नाही. इथे विचारणं सोपं आहे, कारण खोटं डोळ्यासमोर हवेत लटकलेलं असतं.

आता गोंधळाबद्दल. लुआंटीत कुणाला काय करता येईल ते तुम्ही ठरवता. ‘फ्लाय’ ही परवानगी दिलीच नाही तर कुणी उडत नाही. ‘इंटरॅक्ट’ काढून घेतली की ठोकळे लावता-तोडता येत नाहीत, ‘शाऊट’ काढली की चॅट बंद. शिक्षा म्हणून वापरू नका, तासाच्या टप्प्यांनुसार वापरा: पाहणीच्या वेळी सगळ्यांचीच ‘इंटरॅक्ट’ बंद. आवाजासाठी माइक हवेतच कशाला, मुलं एकाच खोलीत आहेत. तिथला दिवस २० मिनिटांचा असतो, सेटिंग बदललं नाही तर ऐन बांधकामात रात्र होते आणि पुन्हा हलकल्लोळ. वेळ दुपारवर थांबवून ठेवा. आणि पहिली दहा मिनिटं मुलांना मोकळं सोडा. धावतील, खड्डे खणतील, एकमेकांना पाण्यात ढकलतील. ती हौस आधी फिटली की मग काम होतं. माशाचं डोकं राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

मोडतोड होणार, हे मात्र धरून चला. डेन्मार्कच्या सरकारी भूमापन विभागाने २०१४ मध्ये आख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक प्रमाणात मांडला होता, शाळांना उपयोगी पडावा म्हणून. स्फोट होऊ नयेत म्हणून त्यांनी डायनामाइट बंद ठेवलं होतं, पण डायनामाइट भरलेल्या खाणगाड्या बंद करायच्या राहिल्या. काही खेळाडूंनी त्याच वापरून राजधानीतल्या इमारती उडवल्या आणि वर अमेरिकेचे झेंडे लावले. सरकारी खातं फसलं तिथे आपण कोण? रोज तास संपला की जगाचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं. सर्व्हरवर ‘रोलबॅक’ची नोंद चालू ठेवली तर कुणी काय तोडलं ते कळतं आणि पूर्ववतही करता येतं. अशी नोंद होते, चॅटही साठतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मुख्याध्यापकांना हेडसेटबद्दल काय सांगायचं? कोपनहेगन विद्यापीठाचे गीडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगा. ५२ विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या प्रयोगशाळेची तीच प्रतिकृती साध्या संगणकावर आणि हेडसेटमधून दिली. हेडसेटमध्ये ‘आपण खरंच तिथे आहोत’ ही भावना जास्त होती, शिकणं मात्र कमी झालं. मेंदूवर ताण जास्त आल्याचं मोजमापातही दिसलं. एका अभ्यासावरून कायमचा निकाल लावू नये हे खरं, पण ‘गुंतली म्हणजे शिकली’ हे गृहीत मोडायला तो पुरेसा आहे. तुमच्या कामात तर आणखी साधी अडचण आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवला की कागद-पेन्सिल दिसत नाही, आणि आपला सगळा डाव कागदावर चालतो. शिवाय काहींना मळमळतं, कंपन्यांच्या वयोमर्यादा असतात, आणि एक मूल आत असताना बाकीची काय करतात हा प्रश्न उरतोच. जिथे शरीराचा अंदाज महत्त्वाचा, म्हणजे धुराने भरलेल्या खोलीतून बाहेर पडण्याचा सराव वगैरे, तिथे हेडसेटचं काम आहे. या वर्षी तुमच्याकडे नाही.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका. अगदीच ऐकेनात तर सांगा की संयुक्त राष्ट्रांचा वस्तीविषयक विभाग, यूएन-हॅबिटॅट, २०१२ पासून माइनक्राफ्टच्या निर्मात्यांबरोबर ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम चालवतो. वास्तुविशारदाचा आराखडा ज्यांना वाचता येत नाही अशा रहिवाशांनी आपल्या वस्तीतली मोकळी जागा कशी हवी ते ठोकळ्यांत मांडायचं, त्यावर चर्चा करायची आणि ते नगररचनाकारांपुढे ठेवायचं. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेनेही २०१३ मध्ये आपला देश २२ अब्ज ठोकळ्यांत उतरवला. भूगोलाच्या लोकांना हा नाद जुनाच आहे.

वर्गात एखादं मूल असं असेल की ज्याला पडदा दिसत नाही, हात नीट चालत नाही किंवा हलत्या चित्राने गरगरतं, तर नकाशावाल्या जोडीतली जागा ही दुय्यम नाही, निम्मा गट तिच्यावर चालतो. दिसत नसेल तर जाड दोऱ्याने चिकटवलेल्या समोच्च रेषांचा नकाशा द्या. तो बनवायला अर्धा तास लागतो आणि बाकीच्यांनाही तोच हवा होतो, असा माझा अनुभव आहे.

सेवा निवडताना बाहेर पडण्याची वाट आधी बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये सेकंड लाइफच्या कंपनीने शैक्षणिक संस्थांची निम्म्या दराची सवलत काढून घेण्याचं जाहीर केलं आणि कितीतरी जणांना गाशा गुंडाळावा लागला. सवलत नंतर परत आली, गेलेले सगळे परतले नाहीत. ‘ऑल्टस्पेस व्हीआर’ हे भेटीगाठींचं आभासी जग १० मार्च २०२३ रोजी बंद झालं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आभासी खोल्यांची आपली ‘हब्ज’ ही सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली, त्याचा कोड मुक्त असल्यामुळे इतरांना तो पुढे चालवता आला. मुलांचं काम तुमच्या हाताशी, तुमच्या संगणकावर कॉपी करता येणार नसेल तर ती सेवा कितीही चकचकीत असो, वर्षभराच्या प्रकल्पासाठी घेऊ नका.

राहिली दुसरी शाळा. तुम्ही दोघी-तिघी शिक्षक बहुधा दोन्ही वर्गांना एकाच वेळी आत आणायच्या बेतात असाल. ऐंशी मुलं, दोन वेळापत्रकं, दोन ठिकाणचं इंटरनेट. पहिलाच तास फसेल. या जगाचा मोठा गुण हा की तुम्ही बाहेर पडलात तरी बांधलेलं तिथेच राहतं, म्हणून पाळीपाळीने काम करा. तुमच्या मुलांनी एका आठवड्यात नदीखोरं बांधायचं: डोंगररांग, उपनद्या, दोन वस्त्या. मूळ नकाशा तुमच्याकडेच ठेवायचा. पुढच्या आठवड्यात त्या मुलांनी येऊन खोऱ्याची पाहणी करायची, धरणासाठी एक जागा निवडायची आणि कारणं तिथल्या तिथे पाट्यांवर लिहायची: इथे दरी अरुंद, वर साठ्याला जागा, पण खालची वस्ती अमुक थरावर असल्यामुळे बुडेल. तुमच्या मुलांनी त्याच पाट्यांशेजारी उत्तरं लावायची.

दोन्हीकडचे तीन-तीन प्रतिनिधी एकदाच, वीस मिनिटांसाठी, त्या निवडलेल्या जागेवर भेटवा. बाकीचा वर्ग प्रोजेक्टरवर बघेल. तोपर्यंत पाट्यांवरून पुरेसं वाजलेलं असतं, त्यामुळे ‘हॅलो, ऐकू येतंय का’च्या पुढे बोलणं जातं. दोन्ही शिक्षक आत हजर हवेत, आणि मुलांची आतली नावं खऱ्या नावांवरून न घेता गटांवरून घ्या.

पोर्शनचा हिशेब म्हणाल तर समोच्च रेषांना तुम्ही एरवी दोन तास देत असाल, इथे चार लागतील. दुसऱ्या शाळेचा प्रकल्प वेगळा, तो उपक्रमाच्या तासांतून काढा. मुख्याध्यापकांकडे हेडसेटऐवजी एक बरा संगणक सर्व्हरसाठी मागा, आणि पहिल्या दोन तासांना संगणकाचे शिक्षक सोबत मागा. कुणाचा परवलीचा शब्द विसरला, कुणाचा माउस चालत नाही, हे सगळं त्यांनी बघावं. तुम्ही गटांमधून फिरा आणि मुलं काय बोलताहेत ते ऐका.